गाय विकली, रतीब लावला

लंडनला लेकीकडे गेलो असताना एके सकाळी तिथल्या कौन्सिलचा, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेचा, एक गृहस्थ घरी आला. आमच्याकडे कॉर्पोरेशनचा माणूस दारात दिसला की मी आधी बंद करून घेतलेल्या गॅलरीकडे बघतो. हा मात्र पायपुसण्यावर बूट पुसून आत आला आणि चहाला नको म्हणाला. सरकारी माणूस इतका नम्र? मला तेव्हाच संशय आला.

जावईबापूंनी भाड्याने देण्यासाठी दोन खोल्यांचा एक फ्लॅट घेतलाय. तो एका बेघर कुटुंबाला द्यावा, एवढंच त्याचं मागणं. डिपॉझिटची लेखी हमी कौन्सिल देणार, वर मालकाला खुशीचे काही पौंडही. म्हणजे उलटी पागडीच की! गिरगावात पागडी भाडेकरू मोजायचा.

"आणि भाडं?" जावईबापूंनी विचारलं.

गृहस्थ खोकला. भाड्याची सरकारी मदत बेतलेली असते त्या भागातल्या सर्वांत स्वस्त तीस टक्के घरांवर. त्यात ते दर 2020 ते 2024 गोठवून ठेवलेले. भाडी काही गोठली नव्हती! मधली तूट भाडेकरूने भरायची. कुठून, ते विचारायचं नाही.

निघता निघता तो हळूच म्हणाला, "तो फ्लॅट मूळचा आमचाच."

मी चाट पडलो. 1980 साली थॅचरबाईंच्या सरकारने कायदा केला आणि कौन्सिलच्या भाडेकरूंना राहती घरं सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडात जवळजवळ वीस लाख घरं अशी गेली. घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मला कुणी देऊ केलं असतं, तर रांगेत पहिला मीच! पण गेलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी काही बांधली नाहीत. पहिल्याने विकलं, दुसऱ्याने विकलं, तिसरे आमचे जावई. आणि आता मूळ धनी हात जोडून विचारतोय, "जरा भाड्याने देता का?" गोठ्यातली गाय विकायची, मग दुधाचा रतीब लावायचा, आणि वर गवळ्याला बक्षिशी द्यायची!

रतीब बंद करा असं मी म्हणत नाही. घरात तान्हं पोर रडत असताना गाईवर व्याख्यान कोण ऐकणार? ज्याला आज रात्री छप्पर नाही, त्याला ते हमीपत्रही मोलाचं. पण हमीपत्र म्हणजे घर नव्हे. ते चालतं मालकाच्या मर्जीवर, आणि मर्जीला काही पाया खणलेला नसतो. आज बक्षिशीवर खर्च होणारा पैसा उद्या भिंत म्हणून उभा राहत नाही. तेव्हा रतीब चालू ठेवा, पण गाय परत आणा. घरं बांधा!

जावईबापू म्हणाले, "विचार करून कळवतो."

तीस वर्षं भाडेकरू म्हणून काढल्यामुळे या वाक्याचा अर्थ मला पाठ आहे. त्या गृहस्थालाही असावा. तो पुन्हा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चहा घेईन म्हणतो."