दोन अहवाल, दोन आकडे

समजा, अर्जुनी मोरगावातील सत्तरीकडे झुकलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मुलाच्या आग्रहाखातर गोंदियात रक्त तपासून घेतले. अहवालात 'पीएसए'पुढे ६.२ हा आकडा, तोही ठळक अक्षरांत. घरात 'कॅन्सर' हा शब्द कुणी उच्चारीत नाही. पण डोळ्याला डोळा कुणाचाच लागत नाही. महिन्याभराने नागपुरात पुन्हा तपासणी होते. या वेळी आकडा ३.८. आता खरे कोणाचे मानायचे?

बहुधा दोघांचेही. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. मूत्राशयाखालची ही ग्रंथी वयाबरोबर वाढते, तिला जंतुसंसर्गही होतो. अशा वेळी, किंवा लघवीसाठी नळी घातल्यावरही, रक्तातील आकडा चढतो. उलट, वाढलेल्या ग्रंथीवरील फिनास्टेराइडची गोळी दीर्घकाळ घेतल्यास तो जवळजवळ निम्म्यावर येतो. प्रयोगशाळांच्या पद्धतींतही थोडा फरक असतोच.

रूढ मर्यादा ४ ची. पण आकडा ४ ते १० असलेल्या साधारण चौघांपैकी एकालाच तुकडा काढून तपासल्यावर कॅन्सर आढळतो. चारच्या खाली सारे निर्धोक, असेही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशा सुमारे १५ टक्के पुरुषांत कॅन्सर सापडला.

तज्ज्ञांचेही एकमत झालेले नाही. अमेरिकेतील सरकारनियुक्त तज्ज्ञगटाने २०१२ साली ही चाचणी सरसकट करू नये असे सांगितले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे, सत्तरीनंतर नको, असा पवित्रा घेतला. युरोपातील मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. चाचणीमुळे या रोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले; पण एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ पुरुषांना तपासणीस बोलवावे लागले. शिवाय कधीच त्रास न देणारे मंदगती कॅन्सरही सापडतात, आणि त्यांच्या उपचारांतून लघवीवरील ताबा सुटणे, पुरुषत्व क्षीण होणे अशी दुखणी मागे लागू शकतात.

आपल्या सरकारी मोहिमेत मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे; प्रोस्टेटची नाही. ही चाचणी घरात येते ती बहुधा खासगी 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमधून. आकडा हाती पडतो. समजावणारा मात्र कुणी नसतो.

मग गुरुजींनी काय करावे? संसर्ग असल्यास आधी तो बरा करावा. काही आठवड्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासावे. दोन्ही अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांना भेटावे. ते बोटाने तपासतील, गरज वाटल्यास एमआरआय सांगतील. तुकडा काढण्याचा विचार त्यानंतर. मात्र लघवीतून रक्त येणे, लघवी तुंबणे, कमरेची हाडे सतत दुखणे, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये.

पीएसए हा दारावरचा टकटकाट आहे. बाहेर कोण आहे, हे दार उघडून पाहावे लागते. आणि ते पाहण्याआधी घरातल्या पुरुषाने लघवीच्या तक्रारीविषयी संकोच सोडून बोलायला हवे. आपल्या घरांत अवघड आहे ते नेमके हेच.