गाडी तुमची, पण तिचा ‘रिपोर्ट’ कुणाचा?

पावसाळा संपता संपता माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले. एक नेहमीचा ‘चेक इंजिन’चा, दुसरा डीपीएफचा. गाडी डिझेल, बीएस-६, वय दोन वर्षं दहा महिने. म्हणजे तीन वर्षांच्या वॉरंटीतले दोन महिने शिल्लक. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. संध्याकाळी अ‍ॅडव्हायझरचा फोन आला, “सर, डीपीएफ चोक झालाय, बदलावा लागेल. पार्ट आणि लेबर धरून एक लाख अठरा हजार. वॉरंटीत बसणार नाही, तुमचं रनिंग सगळं सिटीतलं आहे.”

मी विचारलं, कोणता कोड आला?

“सर, ते सिस्टममध्ये असतं. कस्टमरला देत नाही.”

माझी खरी अडचण या उत्तराशी आहे, एक लाख अठरा हजारांशी नंतर. लॅबने तुमचं रक्त तपासलं, रिपोर्ट मात्र दाखवला नाही आणि सरळ ऑपरेशनची तारीख दिली, तर आपण तिथून उठून बाहेर पडू. गाडीच्या बाबतीत आपण मुकाट्याने एस्टिमेटवर सही करतो, कारण दुसरं काही करता येतं हेच आपल्याला माहीत नसतं.

दिवा लागतो तेव्हा आत काय होतं

आजच्या गाडीत इंजिनचा सगळा कारभार ईसीयू नावाच्या छोट्या कॉम्प्युटरकडे असतो. तापमान, दाब, ऑक्सिजन, वेग असे अनेक सेन्सर त्याला सतत आकडे पाठवत राहतात. एखादा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की ईसीयू एक कोड नोंदवून ठेवतो आणि दिवा लावतो. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. त्यात स्कॅनर लावला की हे कोड वाचता येतात.

कोडमधलं पहिलं अक्षर कुठल्या भागाची तक्रार आहे ते सांगतं. ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा चॅसिसचा भाग, ‘बी’ म्हणजे बॉडी, ‘यू’ म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. ‘पी०’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना सारखे असतात. ‘पी१’ने सुरू होणारे कंपनीने स्वतःचे ठरवलेले. प्रदूषणाशी संबंधित बहुतेक कोड साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतात. एअरबॅग, एबीएस, बॉडी यांचे कोड वाचायला मात्र बहुतेक वेळा त्या कंपनीला चालणारं महागडं यंत्र लागतं.

यातला सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ‘फ्रीझ फ्रेम’. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटोच काढून ठेवतो म्हणा ना. वेग किती, इंजिनचे फेरे किती, पाणी किती गरम, भार किती. दोन-तीन कोड एकदम दिसले तर त्यातला आधी कोणता आला याचा अंदाज बहुधा इथूनच लागतो. आणि आजार कुठला, लक्षण कुठलं हे त्या क्रमावर ठरतं.

माझ्या गाडीत नेमकं हेच घडलं होतं.

चारशे रुपयांची नळी

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली काजळीची चाळणी. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांमध्ये ही चाळणी सर्रास आली. ती भरत आली की ईसीयू एक्झॉस्टचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत चढवून काजळी जाळून टाकतो, याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. कोथरूड ते हिंजवडी अशी रोजची रखडपट्टी असेल तर ते पूर्ण होत नाही. म्हणजे अ‍ॅडव्हायझर सिटी रनिंगबद्दल बोलला ते थापा नव्हत्या. अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरंच जास्त महागात पडतं.

चाळणी किती भरली हे ईसीयूला कसं कळतं? चाळणीच्या आधीचा दाब आणि नंतरचा दाब यातल्या फरकावरून. त्यासाठी एक सेन्सर असतो आणि त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी मी गाडी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांच्या स्कॅनरवर दोन कोड आले. पी२४६३, म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साचलीय. आणि पी२४५३, म्हणजे डीपीएफच्या दाबाच्या सेन्सरचा आकडा पटत नाहीये. फ्रीझ फ्रेममधले किलोमीटर बघून काका म्हणाले, “हा दुसरावाला आधी आलाय. पहिला नंतर.” बोनेट उघडून नळ्या चाचपल्या तर त्यातली एक टोकाला चिरलेली.

आता सगळं जुळलं. नळी चिरली, दाबाचा आकडा भलताच येऊ लागला, ईसीयूचा त्या आकड्यावरचा विश्वास उडाला म्हणून त्याने रिजनरेशन थांबवलं, आणि मग काजळी साचत गेली. चाळणी बदलली असती आणि नळी तशीच राहिली असती, तर काही महिन्यांत नवी चाळणीही भरली असती. नळी चारशे रुपयांची. काकांनी बसवायचे पैसे घेतले नाहीत.

इथेच गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. काजळी एका मर्यादेपुढे गेली की गाडी आपणहून ती जाळत नाही, आतून आदेश द्यावा लागतो. काकांचा स्कॅनर माझ्या मॉडेलला तो आदेश देऊ शकत नव्हता. वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. दोष शोधणाऱ्याला काम पुरं करता आलं नाही, आणि ज्यांना दोष सापडला नाही त्यांच्याकडेच मला परत जावं लागलं. त्यांनी रिजनरेशनचे तीन हजार आठशे घेतले. दिवे गेले. आणि जॉब कार्डवर एक ओळ राहिली: ‘डीपीएफ बदलण्याचा सल्ला दिला, ग्राहकाने नाकारला.’

भांडण पार्टचं होतं, आता माहितीचं आहे

आपल्याकडे यावर एक मोठा निकाल आलेला आहे, पण गाडीवाल्यांनाच तो फारसा ठाऊक नसतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा की अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची मॅन्युअल्स आणि दोष शोधणारी यंत्रं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचू देत नाहीत. आयोगाने दंडासोबत सुधारणाही सांगितल्या. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, स्वतंत्र गॅरेजना यंत्रं आणि माहिती द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं, तेवढ्यापुरतंच वॉरंटी नाकारता येईल.

कंपन्या अर्थातच अपिलात आणि उच्च न्यायालयांत गेल्या. दरम्यान गाडीच बदलली. २०१४ मध्ये ‘पार्ट बाहेर मिळत नाही’ ही मुख्य तक्रार होती. आज अनेक पार्ट मिळतात, पण पार्ट बसवून भागत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. अडास असलेल्या गाडीची पुढची काच बदलली की कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो. पाना सगळ्यांकडे आहे, परवानगी कंपनीकडे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या यादीत शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट आणि घरगुती उपकरणांसोबत मोटारगाड्याही होत्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. पण माहिती देण्याची सक्ती करणारा कायदा त्यामागे नाही. नंतर ‘रिपेअरेबिलिटी इंडेक्स’ची, म्हणजे वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचे गुण देण्याची कल्पना पुढे आली. त्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुरुवात मात्र स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून. वीस हजारांच्या फोनला गुण मिळणार आणि पंधरा लाखांच्या गाडीला नाही. मला हा क्रम उलटा वाटतो. फोन बिघडला तर आपण वैतागतो, गाडी बिघडली तर कर्ज काढतो.

बाहेर काय चाललंय? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ मध्ये गाडीच्या दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला आणि २०२० मध्ये पुन्हा, या वेळी गाडीतून बिनतारी बाहेर जाणाऱ्या डेटासाठी. कारण कंपन्यांनी ओबीडीचं दार उघडलं, पण डेटा इंटरनेटवरून थेट स्वतःकडे न्यायला सुरुवात केली. युरोपात २०१८ च्या नियमावलीनुसार स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की नियमात नसलेल्या अटी घालून कंपनी ओबीडीचा प्रवेश अडवू शकत नाही. आपल्याकडेही कनेक्टेड गाड्या वाढताहेत. सिम कार्ड असलेल्या गाडीचा दोष तुमच्याआधी कंपनीच्या सर्व्हरला कळू शकतो.

कोर्टात गेलं तर?

ग्राहक आयोगाचा रस्ता आहे आणि तो पूर्वीपेक्षा सोपा झालाय. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून बघावी, काही वेळा तेवढ्यानेच हालचाल होते.

पण दोन अडचणी. पहिली, गाडीत दोष आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. त्या अहवालाचा कच्चा माल म्हणजे तेच कोड आणि त्याच नोंदी, ज्या ‘कस्टमरला देत नाही’. दुसरी, डीलर आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी दिली गेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने डीलरच्या या कृत्यासाठी टाटा मोटर्सला जबाबदार धरलं नाही, कारण दोघांतला करार स्वतंत्र व्यापाऱ्यांसारखा होता आणि कंपनीला हे माहीत असल्याचा पुरावा नव्हता. पाटी कंपनीची, बिल डीलरचं. हे सही करताना आपल्या डोक्यात नसतं.

डीलरची बाजूही बघू, कारण तो सरळ खलनायक नाही. नव्या गाडीच्या विक्रीत त्याला फार सुटत नाही, वर्कशॉपवर त्याचं पोट चालतं. वॉरंटीचं काम केलं तर पैसे कंपनीकडून यायचे, तेही तिच्या दराने आणि तिच्या तपासणीनंतर. क्लेम नाकारला गेला तर भुर्दंड डीलरला. ग्राहकाने रोख भरलं तर हा ताप नाही. त्यात अ‍ॅडव्हायझरच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, म्हणून दर सर्व्हिसला एसी डिसइन्फेक्शन, इंजिन फ्लश, कोटिंग अशी भर पडते. नळी शोधायला मेकॅनिकचा अर्धा तास जातो आणि बिल चारशेचं होतं. चाळणी बदलली की बिल लाखाचं. अशा गणितात माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, पूर्वी अनेक भागांवर २८ होता. चांगलंच झालं. पण जो पार्ट बदलायलाच नको होता, त्यावरचा कर कमी झाल्याचा आनंद किती मानायचा?

मी आता काय करतो ते सांगतो. एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतलाय, हजार-दीड हजारात बरा मिळतो. दिवा लागला की सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट काढतो. कोड पुसत मात्र नाही. पुसला तर पुरावाही जातो आणि ‘तुम्ही छेडछाड केली’ म्हणायला त्यांना जागा मिळते. काम झालं की स्कॅनर काढून ठेवतो, तसाच राहिला तर बॅटरी पिऊ शकतो. गाडी देताना तक्रार माझ्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घेतो. ‘बदलावा लागेल’ म्हणाले की कोणत्या चाचणीवरून, हे ईमेलवर मागतो, आणि बदललेला जुना पार्ट परत मागतो. मागितल्याशिवाय तो कधीच दाखवत नाहीत.

त्या जॉब कार्डवरच्या ओळीबद्दलही ईमेल पाठवला. सोबत काकांच्या स्कॅनरच्या दोन्ही कोडचे फोटो आणि चिरलेल्या नळीचा फोटो जोडला. ‘ग्राहकाने नाकारला’ याच्या पुढे ‘दोष सेन्सरच्या नळीत आढळला’ एवढं लिहा, इतकीच मागणी. वॉरंटी संपायला तेव्हा सहा आठवडे होते. उत्तर आलं, “आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे.” वॉरंटी संपली. नोंद अजून तशीच आहे, आणि उद्या ही गाडी विकायला काढली तर घेणारा सर्व्हिस हिस्टरीत तीच वाचणार आहे.