राजहंस आणि 71 टक्क्यांचा फुगा

व्यवस्थापनाच्या कार्यशाळेत जेवणानंतर, डुलक्या लागायच्या वेळेला, एक स्लाइड हमखास येते. निळे आकाश, व्ही आकारात उडणारे राजहंस आणि खाली ठळक आकडा : एकत्र उडाल्याने 71 टक्के जास्त पल्ला. पाठोपाठ पुढाऱ्यामागे मुकाट जाण्याचे फायदे. पक्ष्यांच्या नावावर खपवला जाणारा हा उपदेश अर्धामुर्धा आहे आणि आकडा तर निव्वळ कागदावरचा.

तो 1970 साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या लिसामन आणि शोलेनबर्गर यांच्या लेखातला. 25 पक्ष्यांचा आदर्श थवा धरून मांडलेले ते गणित. त्यातले पंख विमानासारखे ताठ! खऱ्या पक्ष्यांवर मोजमाप झाले ते पुढे सेनेगलमध्ये. तिथल्या पेलिकनांच्या हृदयाचे ठोके थव्यात उडताना एकट्यापेक्षा 11 ते 14 टक्के कमी भरले, असे 2001 मध्ये ‘नेचर’ने छापले. बचत आहे, पण 71 कुठे आणि 14 कुठे!

खरी गंमत फडफडीत आहे. पंख खाली दाबला की टोकाशी हवेचा भोवरा सुटतो. पक्ष्याच्या थेट मागची हवा खाली ढकलली जाते, टोकाच्या बाहेरच्या अंगाला मात्र ती वर उसळते. या उसळीत पंख ठेवला तर फुकटची उचल. विमानाला एवढे पुरते. नोव्हेंबर 2021 मध्ये एअरबसची दोन ए-350 विमाने तुलूजहून माँट्रियलला एकमेकांत सुमारे तीन किलोमीटर अंतर राखून गेली, तेव्हा सहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वाचला. पण पक्ष्याचा पंख वरखाली होतो, म्हणून ती उसळसुद्धा लाटेसारखी वरखाली होत मागे येते. नुसती जागा पकडून भागत नाही, ठेकाही पकडावा लागतो.

पक्षी हा ठेका पकडतात का, हे कळले ते एका पुनर्वसनाच्या प्रयत्नातून. आपल्याकडच्या शराटी पक्ष्याचा एक टकला भाऊबंद मध्य युरोपातून सतराव्या शतकात नाहीसा झाला. त्याला परत वसवण्यासाठी माणसांनी हाताने वाढवलेली पिल्ले हलक्या विमानामागे ऑस्ट्रियातून इटलीच्या तस्कनीकडे नेली जात असत. अशाच एका थव्यातल्या 14 पक्ष्यांच्या पाठीवर संशोधकांनी चिमुकली नोंदयंत्रे बसवली. 2014 मध्ये निष्कर्ष आला : तिरके मागे असताना पक्षी आपल्या पंखाचे टोक पुढच्याच्या टोकाने हवेत आखलेल्या वाटेवरूनच नेतो, चिखलातल्या पावलावर पाऊल टाकावे तसे. थेट मागे आला की ठेका उलटा करतो, म्हणजे खाली ढकलणारी हवा कमी बाधते.

मग मोठेपणा पुढच्याचा की मागच्याचा? शिवाय पुढचा कायम तोच नसतो. याच पक्ष्यांच्या 2015 च्या अभ्यासात दिसले की, जो जेवढा वेळ दुसऱ्याच्या हवेवर उडतो, साधारण त्याच प्रमाणात तो पुढे राहून परतफेड करतो. पाळी चुकवून कायम मागे राहणारे सापडले नाहीत. (कार्यशाळेत हा भाग गाळला जातो, आश्चर्य नाही.) आणि ‘एकत्र आले की फायदा’ हेही सरसकट खरे नाही. दाट घोळक्यात उडणाऱ्या कबुतरांना एकट्यापेक्षा जास्त मेहनत पडते, हे 2011 मध्येच मोजून झाले आहे.

हिवाळ्यात भिगवणला पट्टकादंब हंस येतात. यंदा गेलात तर थव्यातल्या पहिल्या पक्ष्याला सोडा; दुर्बीण दुसऱ्याच्या पंखाच्या टोकावर धरा.