सव्वा महिना कोणाचा?

घरातील तान्हे मूल हा साप्ताहिकाच्या अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही वाचकांना येईल. उसाचा भाव, कापसाची खरेदी, गिरण्यांच्या जमिनी हे आपले नेहमीचे विषय. दुपटी आणि लंगोट ही घरातील बायकांची बाब. प्रस्तुत लेखकही गेल्या पावसाळ्यापर्यंत असेच समजत होता. पस्तीस वर्षे त्याने महाविद्यालयात राष्ट्रीय उत्पन्नाचे मोजमाप शिकविले. उत्पादन कशास म्हणावयाचे आणि कशास नाही, ह्यावरील शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या. जुलैत मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी पुण्यास माहेरी आली. निवृत्तीमुळे लेखक दिवसभर घरीच होता, आणि जे काम त्याने आयुष्यात कधी धडपणे पाहिले नव्हते ते त्याच्या डोळ्यांदेखत होऊ लागले.

दर दोन-अडीच तासांनी पाजणे. मग ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटून निजविणे. एवढे होईतो पुढच्या दुधाची वेळ. सवयीचा परिणाम म्हणून एका दिवसाची नोंद कागदावर केली. पहाटे पाच ते दुसऱ्या पहाटे पाच ह्या अवधीत अकरा वेळा पाजणे झाले, सतरा लंगोट आणि चार दुपटी भिजली, आणि आईला सलग झोप मिळाली ती जास्तीत जास्त पावणेदोन तास. बाहेर श्रावणाची झड; गॅलरीतल्या दोरीवर काही वाळेना. पत्नीने शेगडीवर टोपली उपडी घालून तीवर लंगोट शेकले, जसे तिच्या सासूने शेकले होते. बाजारातले डायपर रात्रीपुरते आणले, पण बाळाच्या अंगावर पुरळ उठले आणि पुन्हा जुन्या लुगड्यांचे तुकडे बाहेर निघाले. शिवाय बाळंतिणीचे निराळे: अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाळंतशोपा. आणि बाळ रडते ते भुकेने की पोटदुखीने, ह्यावर रात्री दोन वाजता परिषद. घरात आम्ही तीन प्रौढ माणसे होतो, आणि तिघेही थकून गेलो. जिथे एकटी आईच असते तिथे हे काम कसे निभत असेल, ह्याची कल्पना करवेना.

हीच मुलगी १९९२ मध्ये जन्मली तेव्हा प्रस्तुत लेखक एम्. फिल्.चा प्रबंध पुरा करीत होता. त्या रात्रींची त्याला काहीही आठवण नाही. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ग्रंथपालांचे आभार आहेत, टंकलेखकाचेही आहेत.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू ह्यांनी १९२० मधील आपल्या ग्रंथात एक विसंगती नोंदविली होती. घरकामास पगारावर ठेवलेल्या बाईशी मालकाने लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. वर्गात हे सांगितले की मुले हसत आणि लेखक पुढील मुद्द्याकडे वळे. ह्या हिशेबात दुधाच्या भुकटीचा डबा विकला गेला तर उत्पन्न वाढते, आईने पाजले तर वाढत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या संगोपन-शुश्रूषेचे विनावेतन काम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होते. हे काम करणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे दिली, पुरुषांनी ७४. सरासरी ही फार सभ्य गोष्ट आहे. तिच्यात शाळकरी मुलाचा अभ्यास घेणाराही येतो. सव्वा महिन्याच्या आतल्या बाळाचे घर तिच्यात दिसत नाही.

परंतु ज्या गोष्टीने हे लिहिणे भाग पडले ती ह्याहून वेगळी आहे. बाळाला न्हाऊ घालावयास आणि मुलीला तेल लावावयास एक बाई येत. घरातले सारे त्यांना मावशी म्हणतात. बारशाच्या आदल्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढचे दोन दिवसही नाहीत. घरात कुरकुर झाली. चौथ्या दिवशी आल्या त्या संकोचूनच. "वहिनी, सून बाळंत झाली. मुलगा झाला." पत्नीने त्यांच्या हातावर साखर ठेवली. समतेवर आयुष्यभर व्याख्याने दिलेल्या प्रस्तुत लेखकाच्या तोंडून जो प्रश्न निघाला तो असा: "म्हणजे आता उद्यापासून नियमित येणार ना?" मावशी म्हणाल्या, "येते की सर. न येऊन कसं भागंल?"

पुढची हकीकत त्यांनी एका सकाळी पायांवर आमच्या नातीला पालथी घेऊन, तेल चोळता चोळता सांगितली. सून चार घरी धुणेभांडी करते. नववा महिना भरेपर्यंत करीत होती. बाळंतपणानंतर सोळाव्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली, कारण एका घराने दुसरी बाई पाहण्याची भाषा केली होती. बाळ शेजारच्या म्हातारीपाशी असते. दुपारी त्याला पाणी घातलेले वरचे दूध पाजतात. आमची मुलगी आत पलंगावर कानाला रुमाल बांधून निजली होती. सव्वा महिना तिने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये असा पत्नीचा दंडक होता. सव्वा महिन्याच्या ह्या रूढीत विटाळाची कल्पना मिसळलेली होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण तिच्यातील विश्रांतीचा अंशसुद्धा कष्टकरी घरांच्या वाट्यास कधी फारसा आला नव्हता. ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्यास 'कोयता' म्हणतात. उचल दोघांनी मिळून फेडावयाची असते. त्यातील एकीने अंथरूण धरले तर उरलेला अर्धा कोयता काय करणार?

'मावशी' हे नाते आपण किती सहज बहाल करतो. त्या नात्यात रजा नाही, आजारपण नाही, आणि सुनेचे बाळंतपण तर नाहीच.

आता कायद्याकडे पाहू. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची केली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच २६ आठवडे आहेत. आमच्या मुलीला ही रजा मिळाली. सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, असे आरोग्य खाते सांगते, आणि २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. येथवर वैद्यक आणि कायदा ह्यांचा मेळ बसतो. पण हा कायदा आस्थापनांचा आहे. चार घरची धुणेभांडी करणारी बाई कोणत्याच आस्थापनेत मोडत नाही. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, परंतु तो कल्याणनिधीचा कायदा आहे, पगारी रजेचा नव्हे. आरोग्य खात्याच्या भिंतीवरील चित्रात सहा महिने पाजणारी आई हसते आहे. तिने त्या सहा महिन्यांत खावे काय, हे त्या चित्रात नाही.

ह्याचे उत्तर म्हणून २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये प्रत्यक्ष योजना आली ती पाच हजारांची, आणि पहिल्या अपत्यापुरती. उरलेली तूट जननी सुरक्षा योजनेच्या पैशाने भरून निघते असे समर्थन करण्यात आले. पुढे २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार मिळू लागले. पाच हजारांस सहा महिन्यांच्या १८२ दिवसांनी भागा: दिवसाला सत्तावीस रुपये आणि काही पैसे पडतात. बांधकामावरील बाईची रोजी पाचशे धरली तर ही दहा दिवसांची मजुरी होय. मावशींच्या सुनेचे हे दुसरे अपत्य, आणि तो मुलगा. म्हणजे तिला एवढेही नाही. तामिळनाडूत १९८७ पासून राज्याची स्वतंत्र योजना आहे, आणि २०१८ पासून तीत रोख रक्कम व पोषणसंच मिळून अठरा हजारांचे साहाय्य दिले जाते. महाराष्ट्राला असे करणे परवडणार नाही असे कोणी म्हणू नये.

खर्च कोणी सोसावा, हा ह्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि तो मुंबईत शंभर वर्षांपूर्वीच उपस्थित झालेला आहे. कारखान्यांतील कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात चर्चेस आले तेव्हा, जुलै १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून ह्या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारनेच उचलावयास हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि स्त्रियांच्या श्रमापासून मालकाला लाभ होतो म्हणून मालकाचीही जबाबदारी त्यांनी नाकारली नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने वर्गणीच्या निधीतून हा लाभ देण्याचा मार्ग काढला, तो योग्य होता. २०१७ च्या दुरुस्तीने मात्र रजा वाढविली आणि विमा योजनेबाहेरील स्त्रियांच्या बाबतीत सारा बोजा एकट्या मालकावर ठेवला. त्याचा परिणाम सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही: विशी-तिशीतील विवाहित मुलीला नोकरीवर घेताना मालक दोनदा विचार करतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षणाचा करार नेमके हेच टाळावयास सांगतो. हा लाभ सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून द्यावा, असे त्याचे तत्त्व आहे. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही.

बापांविषयी थोडेच लिहिण्याजोगे आहे, कारण कायद्यात थोडेच आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यास पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. आमचे जावई चार दिवस येऊन गेले. त्या चार दिवसांत ते लंगोट बदलावयास शिकले, हे लेखकापेक्षा चारच दिवस उशिरा झाले.

पाळणाघरांची कथा अधिक बोलकी आहे. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असता मजूर बायकांची मुले धुळीत पडलेली मीरा महादेवन ह्यांनी पाहिली, आणि तेथूनच 'मोबाइल क्रेशेस' ह्या संस्थेचे काम सुरू झाले. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचे केले. साहजिकच ठेकेदाराच्या हजेरीपटावर स्त्रिया अट्ठेचाळीस असतात. २०१७ च्या दुरुस्तीने स्त्रियांची नव्हे, एकूण कामगारांची संख्या पन्नास धरली, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळास घेऊन नागपूर अधिवेशनास आल्या तेव्हा कोठे विधिमंडळाला हिरकणी कक्षाची निकड जाणवली. हिरकणीच्या धाडसाचे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक करतो, एस्. टी. स्थानकांवरील खोल्यांना तिचे नाव देतो. बाळाच्या दुधासाठी आईला कडा उतरावा लागला, ह्याबद्दल मात्र कोणाला संकोच वाटलेला दिसत नाही.

ह्या राज्यापुरती तरी मागणी स्पष्ट आहे. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक मातेस, अपत्य कितवे आणि मुलगा की मुलगी हे न विचारता, किमान सव्वीस आठवडे किमान वेतनाशी निगडित भत्ता सार्वजनिक निधीतून मिळावा. आणि मालकांची वर्गणी स्त्री कामगारांच्या नव्हे, एकूण वेतनाच्या प्रमाणात घ्यावी. पैसा कोठून आणावयाचा, हे विचारले जाईल. उद्योगांना करसवलती देताना हा प्रश्न विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही.

कायदा होईतो आपण, घरी बाई ठेवणारी माणसे, मालक आहोत. ही गोष्ट ध्यानात आल्यावर मावशींना विचारून लेखक आणि त्याची पत्नी त्यांच्या सुनेच्या चारही घरी जाऊन आले. दोन महिने तिला पगारी रजा द्यावी, तेवढ्या काळात तिच्या जागी येणाऱ्या बाईच्या पगाराचा अर्धा भाग आम्ही उचलू, असे सांगितले. दोन घरांनी ऐकले. त्यांतल्या एका बाईंनी आमचा अर्धा भागही घेतला नाही. तिसऱ्या घरी विचार करून कळवितो म्हणाले. चौथ्या घरी नवी बाई आदल्याच दिवशी कामाला लागली होती.