मातीच्या ट्रॅकवरची पहिली पायरी

मोटोक्रॉस हा मातीच्या बंदिस्त ट्रॅकवरील मोटारसायकल शर्यतीचा प्रकार असून त्यात उंचवटे, उड्या आणि तीव्र वळणे मुद्दाम घडवलेली असतात, स्पर्धक एका ओळीत लोखंडी फाटकामागे उभे राहतात आणि फाटक पडताच सगळे एकदम पहिल्या वळणाकडे झेपावतात. १९२४ साली इंग्लंडमधील कँबर्ली येथे झालेल्या शर्यतीपासून या खेळाचा इतिहास सांगितला जातो; स्त्रियांच्या स्वतंत्र जागतिक अजिंक्यपदासाठी मात्र २००८ साल उजाडावे लागले आणि त्या वर्षी फ्रान्सच्या लिव्हिया लान्सेलो विजेत्या ठरल्या. ऐंशीहून अधिक वर्षांच्या या विलंबाचे कारण स्त्रियांच्या धाडसात शोधण्यात अर्थ नाही, कारण या खेळातील कारकीर्द ट्रॅक, परवाना, गाडी, मेकॅनिक आणि वर्षभराच्या स्पर्धा यांच्या साखळीतून घडते आणि त्या साखळीतील पहिलीच कडी मुलींच्या हाती उशिरा लागते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या संदर्भात ही बाब विशेष ठळकपणे दिसते. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना भारतीय क्रिकेट संघाच्या उपकर्णधार झाल्या, आणि साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे, वयाच्या सतराव्या वर्षी, तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात जागतिक विजेतेपद पटकावले. तिघींचे खेळ निराळे असले तरी त्यांची पहिली पायरी घराच्या आसपास होती. गावचे मैदान, शालेय स्पर्धा किंवा ऊसपट्ट्यातील शेतजमिनीवर उभी राहिलेली अकादमी एवढ्यावर सुरुवात करता आली. मोटोक्रॉसमध्ये ही सोय नाही, आणि म्हणूनच भारतीय स्त्रीची मातीवरील मोटारसायकल शर्यतींतील सर्वांत ठळक कारकीर्द अभ्यासताना तिच्या धैर्याइतकेच तिच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेकडेही पाहावे लागते.

ती कारकीर्द बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से यांची आहे. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास मोटारसायकलकडे वळलेल्या पिस्से यांनी आधी डांबरी ट्रॅकवरील शर्यती आणि मग रॅली अशा दोन्ही प्रकारांत राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०१७ च्या रेड दी हिमालय या रॅलीत त्यांच्या गळपट्टीचे हाड मोडले, तर २०१८ मध्ये स्पेनमधील बाहा आरागोन या शर्यतीत पडल्याने स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. बाहा म्हणजे माळरान, वाळवंट किंवा जंगलवाटांवरून धावणारी लांब पल्ल्याची शर्यत; तिच्यात मोटोक्रॉसचे देहकौशल्य लागतेच, शिवाय हँडलवर बसवलेल्या रोडबुकमधील खुणा वाचत मार्गही शोधावा लागतो. त्या अपघातानंतरच्या हंगामात, म्हणजे २०१९ मध्ये, आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या बाहा विश्वचषकात पिस्से दुबईत पहिल्या, पोर्तुगालमध्ये तिसऱ्या, स्पेनमध्ये पाचव्या आणि हंगेरीत चौथ्या आल्या, आणि एकूण ६५ गुणांसह पोर्तुगालच्या रिता व्हिएरा यांना चार गुणांनी मागे टाकून महिला गटाच्या जगज्जेत्या ठरल्या. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

या गुणतक्त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. चारपैकी एकच फेरी जिंकूनही विजेतेपद हाती आले, कारण चारही ठिकाणी पोहोचणे, गाडी शेवटपर्यंत चालती ठेवणे आणि प्रत्येक फेरीतून गुण घेऊन परतणे त्यांना साधले. त्यामागे टीव्हीएस या कंपनीच्या रेसिंग संघाचा आधार आणि स्पेनमधील प्रशिक्षण होते, आणि मुख्य म्हणजे विश्वचषकात स्त्रियांचा स्वतंत्र गट होता, ज्यामुळे सातत्याची मोजदाद होऊ शकली.

असे सातत्य सरावातून येते, आणि वाळूवरील शर्यतीत तर सरावाला पर्यायच नसतो. घट्ट मातीच्या ट्रॅकवर चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या काही काळ टिकतात आणि त्यांचा अंदाज बांधता येतो. वाळूत मात्र प्रत्येक फेरीला ट्रॅक बदलतो, मागच्या फेरीत सपाट असलेल्या जागी पुढच्या फेरीत गुडघाभर खड्डा असतो. वेग कमी केला की पुढचे चाक वाळूत रुतते, म्हणून स्पर्धक फूटपेगवर उभी राहून शरीराचा भार मागे घेते, अ‍ॅक्सिलरेटर उघडा ठेवते आणि पुढचे चाक हलके राखते, तर मागच्या टायरची रुंद नक्षी फावड्यासारखी वाळू मागे फेकत राहते. या सगळ्यात हँडल घट्ट धरून धरून मनगट ते कोपर या भागातील स्नायू रक्ताने फुगतात आणि बोटांना क्लच दाबवेनासा होतो; या अवस्थेला आर्म पंप म्हणतात. फ्रान्समधील ल तुके गावच्या किनाऱ्यावर १९७५ मध्ये तिएरी साबीन यांनी सुरू केलेली वाळूची शर्यत याच कसोटीसाठी प्रसिद्ध आहे, आणि पुढे पॅरिस-डकार रॅली सुरू करणारेही साबीनच होते. त्या डकारमध्ये २०१५ साली स्पेनच्या लाइया सान्झ पुरुषांसह झालेल्या एकत्रित क्रमवारीत नवव्या आल्या.

लवकर सुरुवात करण्याचे मोल इटलीच्या कियारा फोंतानेसी यांच्या उदाहरणातून कळते. लहानपणापासून मातीवर गाडी चालवलेल्या फोंतानेसी यांनी २०१२ मध्ये, अठराव्या वर्षी, पहिले जागतिक मोटोक्रॉस विजेतेपद मिळवले आणि २०१८ पर्यंत अशी सहा विजेतेपदे जमवली; म्हणजे ज्या वयात पिस्से मोटारसायकलकडे वळत होत्या, त्या वयात फोंतानेसी जगज्जेत्या झालेल्या होत्या. भारतात गिअरच्या मोटारसायकलचा रस्त्यावरील परवाना अठराव्या वर्षी मिळतो हे खरे. पण बंदिस्त ट्रॅकवरील स्पर्धेला देशाच्या मोटरस्पोर्ट महासंघाचा वेगळा परवाना लागतो आणि त्यात लहान वयाच्या मुलामुलींनाही संधी असते. ही तरतूद माहीत नसल्याने कॉलेजला स्कूटीवरून जाणाऱ्या मुलीच्या घरी हा खेळ रस्त्यावरील हुल्लडबाजीच्या खात्यात जमा होतो.

खर्चाची अडचण मात्र माहितीने दूर होणारी नाही. कावासाकीच्या केएक्स २५० सारख्या खास मोटोक्रॉस गाडीची भारतातील किंमत कित्येक लाख रुपये आहे, तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, आणि म्हणून सरावाला जायचे तरी ती पिकअपमध्ये दोऱ्यांनी आवळून न्यावी लागते. सातारा-सांगलीहून पुणे जवळ आहे, तिथे सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियममध्ये उभारलेल्या मातीच्या ट्रॅकवरील मोटोक्रॉस, स्पर्धा होतात आणि २०२४ च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या हंगामाची सुरुवातही तिथेच झाली. तरीही दर रविवारी भाड्याची पिकअप आणि सोबतीला मेकॅनिक हे शेतकरी घराला परवडणारे गणित नव्हे.

जागा आणि आयोजन यांबाबतीत मात्र हे जिल्हे रिकाम्या हातांचे नाहीत. कृष्णा-वारणेच्या पात्रातील वाळूला हात लावण्याचे कारण नाही, कारण माण, खटाव, आटपाडी आणि जत या दुष्काळी तालुक्यांतील मुरमाड माळ मोटोक्रॉसला अधिक सोयीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवल्यापासून गावोगावच्या यात्रा कमिट्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढणे, धावपट्टी आखणे, गर्दी आवरणे आणि निकाल वादाविना लावणे यांचा सराव आहे. हेच कौशल्य महासंघाशी संलग्न क्लबच्या देखरेखीखाली वर्षातून काही दिवस मातीच्या ट्रॅककडे वळवता येईल. मात्र त्या स्पर्धेत मुलींचा स्वतंत्र गट पहिल्या वर्षापासून असावा, भारतीय बनावटीच्या स्वस्त गाड्यांना प्रवेश असावा आणि हेल्मेट, छातीचे कवच व बूट क्लबने भाड्याने द्यावेत. एवढ्या तीन अटी पाळल्या तर पहिल्या पायरीचा खर्च लाखांवरून हजारांवर येतो, आणि पुढच्या पायऱ्यांसाठी कंपन्यांच्या संघांना निवडायला मुली तरी मिळतात.