चेंबर गार्ड कोणासाठी?

गोव्याहून गाडी घेऊन बऱ्हाणपूरला, लालबागचा कुंडी भंडारा पाहायला गेलो. वाटेत एका गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडून निघालं. लालबागेत मेकॅनिक खाली वाकून म्हणाला, "साहेब, चेंबर वाचला. खाली गार्डचा पत्रा ठोकून घ्या."

नाही घेतला. कंजूष म्हणा हवं तर! खाणीच्या, डोंगराच्या वाटेने रोज जाणाऱ्याने तो जरूर बसवावा. चेंबर फुटून ऑइल गळालं की इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. पण डांबरी रस्त्यावर? गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. साध्या गाडीचं पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटरवर असतं. मग ते घासतं कसं?

१६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, याच लालबागेत जमिनीखाली भुयारं खणली. उतार असा साधला की पाणी आपोआप शहराकडे वाहावं. आणि आम्हाला भरदिवसा दहा सेंटिमीटर मोजता येत नाहीत!

मी स्वतः सरकारी कारकून. तक्रारअर्जाचं पुढे काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी अर्ज करणार. सगळेच पत्रे ठोकून मोकळे झालो, तर गतिरोधक मोजायला सांगणार कोण?