एमबीए करून क्षेत्र बदलायचंय? फीसोबत बुडणारा पगारही मोजा

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात, आणि लवळ्याच्या टेकडीवरची सिम्बायोसिसची एसआयबीएमही त्याच तालुक्यात. कोडिंगला कंटाळलेल्या इंजिनीअरला मार्केटिंग किंवा फायनान्सकडे वळायचं असेल, तर एमबीएचा रस्ता असा घराजवळूनच जातो. प्रश्न आहे तो कोणतं एमबीए करायचं, याचा.

माझ्या मते क्षेत्र बदलायचं असेल तर नोकरी सोडून केलेलं दोन वर्षांचं एमबीएच जास्त कामाचं. पदवीपेक्षाही त्यातली पहिल्या वर्षानंतरची इंटर्नशिप महत्त्वाची. साधारण दोन महिने नव्या क्षेत्रात काम करून दाखवता येतं, बायोडेटावर त्या क्षेत्राची पहिली ओळ येते. काम आवडलं तर तीच कंपनी नोकरीही देऊ शकते. शनिवार-रविवारच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएत ही सोय सहसा नसते. सोमवारी पुन्हा तीच खुर्ची! बढतीसाठी ते चांगलं, क्षेत्र बदलायला तोकडं.

किंमत मात्र मोठी. महिना ७० हजार हातात येत असतील, तर दोन वर्षांत १६ लाख ८० हजारांचा पगार बुडतो, फी वेगळी. गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर हा हिशेब घरच्यांसोबत बसूनच करा. शिवाय आयटीतली पाच वर्षं नव्या क्षेत्रात पाचच धरली जातील, असं नाही.

म्हणून स्नॅप किंवा सीईटीचा अर्ज भरण्याआधी आहे त्या कंपनीतच प्रीसेल्स किंवा प्रॉडक्ट टीममध्ये बदली मागून बघा. त्याला फी लागत नाही.